भिकूची नजर

जळगाव, ३ डिसेंबर १९३०
कॅमेरा आला. मुंबईहून जुनाच घेतला आहे, पण हिलालने उघडून पाहिला आणि चांगला आहे म्हणाला. हिलाल फिरत्या सिनेमाच्या तंबूत यंत्र चालवत असे, आता माझ्या फोटो स्टुडिओत असतो. आजवर लोकांना खुर्चीत ताठ बसवून ‘हलू नका’ म्हणत आलो. आता हलणारी माणसे हवीत. पळणारी, पडणारी, प्रेमात पडणारी. मुंबईच्या कंपन्या देवादिकांचे आणि राजेराण्यांचे चित्रपट काढतात. मला आपल्या भागातले लग्न दाखवायचे आहे, आणि तेही हसवून.

कथा माझीच. एकाच नावाची दोन गावे, एक खुर्द आणि एक बुद्रुक. नवरदेव बुद्रुकला जायचा तो चुकून खुर्दला पोचतो आणि तिथल्या भलत्याच मुलीवर त्याचा जीव जडतो. नाव ‘खुर्द की बुद्रुक’. नवरदेव म्हणून अमळनेरचा मगन मिळाला. तो नुसता उभा राहिला तरी लोक हसतात. मुलगी मात्र मिळत नाही. चांगल्या घरचे कोणी देत नाही. हिलाल म्हणतो, धरणगावला कापसाची सरकी काढतात त्या जिनात एक आहे.

६ डिसेंबर
धरणगावला जाऊन आलो. जिनात कापूस निवडणाऱ्या बायकांत शेवंताबाई नावाची विधवा आहे, तिची ही मुलगी. नाव भिकू. आधीची मुले जगली नाहीत, म्हणून देवाकडे भीक मागून घेतलेली. नाक टोचलेले, केसांत कापसाचे तंतू. वय अठरा-एकोणीस असेल. बोलावले तर खाली मान न घालता सरळ माझ्याकडे पाहत राहिली. जिनातल्या मुली असे पाहत नाहीत. पडद्याला हेच हवे.

नाव ‘कुमारी मंजुळा’ असे लावायचे ठरवले. शेवंताबाईला पटायला वेळ लागला. शेवटी एवढेच म्हणाली, “जशी लई चालनात, तशी परत आनी द्या, भाऊ.” नेतो तशीच परत आणून देईन, मी म्हणालो.

फैजपूर, १२ डिसेंबर
थोरले बंधू पितांबरनाना यांच्या केळीच्या बागेत काम सुरू झाले. भिकू वहिनींजवळ राहते. पत्र्यावर चंदेरी कागद लावून ऊन तोंडावर घेतो. उजेड झकास आहे.

एकच अडचण. कॅमेरा हिलाल फिरवतो आणि त्याच्या डाव्या हाताला उभा राहून मी सूचना देतो. भिकूला सांगतो, मगनकडे पाहा. ती मगनचा हात धरते, लाजते, हसते, सगळे बरोबर करते. नजर मात्र माझ्याकडे. विचारले तर म्हणते, चुकले. पुन्हा तेच. नवखी आहे. कौतुक वाटते का म्हणून माझ्या तोंडाकडे पाहत असेल.

दुसरे एक. इथे लहानथोर सगळे मला भाऊ म्हणतात. ही म्हणत नाही. हाक मारायची वेळ आली तर जवळ येऊन उभी राहते. जिनात वाढलेली, तिला रीत कोण शिकवणार?

१५ डिसेंबर
मगन कुरकुरला. म्हणतो, तिच्यापुढे उभे राहिले की आपण खिडकीची काच आहोत असे वाटते. नटांचे हे रुसवे आता सोसायला हवेत. वहिनी म्हणाल्या की मी जेवल्याशिवाय भिकू पानावर बसत नाही. तेवढे वळण तरी आहे तिला.

१९ डिसेंबर
आज हौदाचा प्रसंग. मोटेचे पाणी बागेतल्या हौदात पडते. नवरी रागाने मागे सरकते आणि त्यात पडते, नवरदेव तिला काढायला जातो आणि तोही पडतो. सकाळचे ऊन तिरपे असते म्हणून लवकर घेतला. पहिल्यांदा मगन आधीच हसला. मग भिकूने पाण्यातून वर येताना माझ्याकडे पाहिले. पुन्हा घेतला, पुन्हा पाहिले. असे होत होत ऊन डोक्यावर आले. मधल्या वेळात वहिनींनी घोंगडी आणली होती, पण ती पांघरली की लुगडे अर्धवट वाळते आणि पडद्यावर फरक दिसतो. म्हणून तशीच उभी केली.

शेवटी जमले. छान केलेस म्हणालो. ओठ निळे पडले होते तिचे, तरी म्हणते, “तुम्ही सांगशात तर आखो एकदाव.” अजून एकदा. असा उत्साह मुंबईच्या नट्यांत मिळायचा नाही. मी आणखी एकदा घेतला. तोच सगळ्यांत चांगला आला असावा.

२४ डिसेंबर
लग्नाचा शेवटचा प्रसंग संपला. मधेच रस्त्याने कोणाची बैलगाडी आली आणि धूळ उडाली, एवढाच व्यत्यय. भिकूला खोकला आहे. काढा घे म्हणून सांगितले. हिलाल तिला धरणगावला पोचवून येईल. निघताना तिने विचारले, सिनेमा कधी दिसेल? तयार झाला की मी स्वतः न्यायला येईन म्हणालो. ती बराच वेळ उभी होती. मी सामान मोजत होतो.

जळगाव, ११ जानेवारी १९३१
फिल्म धुण्याचे काम चालू आहे. मागच्या खोलीला काळे पडदे लावले आहेत. हिलालला निरोप आला की भिकू तापाने पडून आहे, छातीत दुखते. तो म्हणाला, भाऊ, एकदा जाऊन या. ती विचारते आहे. पण रसायने कालवलेली आहेत, आज सोडली तर वाया जातात. आठवड्याने जाईन.

१६ जानेवारी
भिकू गेली. हिलाल मातीला जाऊन आला. मला जाता आले नाही, पट्ट्या वाळत घातल्या होत्या आणि घरात लक्ष ठेवायला कोणी नव्हते. फार वाईट वाटले. एवढी गुणाची मुलगी. नशीब की तिचे सगळे काम पुरे झाले होते.

८ फेब्रुवारी
चित्रपट जोडून झाला. भिंतीवर पांढरी चादर लावून पहिल्यांदा प्रमिलेला दाखवला. आमचे लग्न झाल्यापासून माझे प्रत्येक काम मी आधी तिला दाखवतो. मगनच्या प्रवेशाला ती हसली. भिकू आल्यावर गप्प झाली. हौदाचा प्रसंग आला तेव्हा पदर तोंडाशी धरून बसली होती. मला वाटले हसू दाबते आहे.

दिवा लावला तेव्हा म्हणाली, “मुलीनं काम चांगलं केलंय.”
मी म्हणालो, नजर तेवढी चुकते.
तिने विचारले, “पाणी गार आहे का, असं तिला एकदा तरी विचारलंत का तुम्ही?”
डिसेंबरात पाणी गारच असते, मी म्हणालो.

१२ फेब्रुवारी
प्रमिला माहेरी धुळ्याला गेली. आईला बरे नाही म्हणते. तिकडून तसे काही पत्र आल्याचे मला ठाऊक नाही.

१४ मार्च
आज पहिला खेळ. मुंबईत बोलपट लागत असल्याच्या बातम्या आहेत. तेव्हा आपला मुका चित्रपट लवकर दाखवून घ्यायला हवा. थिएटर भरले होते. पडद्याच्या डाव्या अंगाला पेटीवाला बसतो. त्याच्याशेजारी खुर्ची टाकून, वाचता न येणाऱ्यांसाठी मी पडद्यावरची अक्षरे मोठ्याने वाचत होतो.

पहिल्या रिळाला लोक खदखदून हसले. नवरदेवाने म्हशीला गावाचे नाव विचारले तेव्हा शिट्ट्या पडल्या. मग भिकू आली. हळूहळू हसणे थांबले. मला कळेना. मगन चिखलात आपटला तरी कोणी हसले नाही. मागच्या बाकांवर धरणगावच्या जिनातल्या बायका होत्या. त्यांच्यातून “भिकू, भिकू” असे ऐकू आले, आणि एकीने हात जोडले. ते समजू शकतो. पण पुढे बसलेले वकील, व्यापारी? त्यांना ती गेलेली आहे हे कुठे ठाऊक होते?

आणि आणखी एक झाले. हौदाच्या प्रसंगात पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने पडद्यावरून मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग शेजारच्याने. अक्षरे वाचायची थांबवून मी वर पाहिले तर अर्धे थिएटर माझ्याकडे पाहत होते, आणि पडद्यावरून भिकूही.

१९ मार्च
इथल्या वर्तमानपत्रात आले आहे. ‘छायाचित्रण मुंबईच्या तोडीचे. जिल्ह्याला भूषणावह. तथापि विनोदी म्हणवणाऱ्या या चित्रपटात मध्यानंतर प्रेक्षक हसत का नाहीत, याचा निर्मात्यांनी विचार करावा. अंगावर येणारा काटा हा विनोदाचा भाग समजावा काय?’

काटा. केळीच्या बागेत, भर उन्हात काढलेल्या प्रसंगांना काटा.

२२ मार्च
शेवंताबाई आली होती. मुलीचा सिनेमा कोणी दाखवते आहे असे ऐकून धरणगावहून आली. तिकिटाच्या खिडकीपाशी बसली होती, तिला आत घेतले. भिकू पडद्यावर आली तसा तिने पदर सावरला आणि बोलायला लागली. हळू आवाजात, घरात बोलावे तशी. शेळी व्याली. सखूच्या घरचे लग्न मोडले. तुझे लुगडे कोणाला दिले नाही, तसेच आहे. आजूबाजूचे लोक तिला गप्प करतील असे वाटले, पण कोणी केले नाही. जे बोलत होते तेच थांबले.

संपल्यावर ती हिलालच्या यंत्रापाशी गेली. “जरा धीरे फिराव, दादा. ती लवकर चालनी जास.” यंत्राचा दांडा हाताने फिरवावा लागतो. दुसऱ्या खेळाला हिलालने खरेच हळू फिरवला. भिकू पाण्यातून इतक्या सावकाश वर आली की मला बघवेना. तिचे केस, मग कपाळ, मग डोळे. डोळे वर येईपर्यंत मी श्वास धरून होतो. हिलालला रागावलो.

तो खेळ चालू असताना शेवंताबाई उठली, मुलगी पाहते आहे त्या बाजूला, तिच्या नजरेचे बोट धरल्यासारखी चालत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. “ती मगनकडे देखत नई, भाऊ. तुमनाकडे देखस.”

मी तिला समजावले की हा नवख्या नटांचा दोष असतो. तिने ऐकून घेतले. मग तिथेच जमिनीवर, माझ्या पायांशी बसली.

२९ मार्च
गर्दी वाढते आहे आणि मला ते आवडत नाही. लोक हसायला येत नाहीत. काल एक म्हातारा बारक्या नातीचा ताप उतरावा म्हणून नारळ घेऊन आला होता. कोणाला वाहायचा नारळ, विचारले तर पडद्याकडे बोट. मगन आता खेळाला येत नाही. म्हणतो, आपण नवरदेव असून आपल्याच लग्नात चोरासारखे वाटते.

धुळे, ५ एप्रिल
इथे खेळ लावला. प्रमिलेच्या माहेरी उतरलो. ती वाढते, विचारपूस करते, परतायचे नाव काढत नाही. तिच्या आईची तब्येत ठणठणीत दिसली.

आज मी मुद्दाम पेटीवाल्याजवळ बसलो नाही. उजव्या अंगाला, भिंतीशी, अंधारात बसलो. अक्षरे वाचायला दुसऱ्याला सांगितले. भिकू आली. जे पाहिले ते लिहितो, मग ते खोडायचे की नाही ते ठरवीन. ती उजवीकडे पाहत होती. लोकांच्या माना उजवीकडे वळल्या. माझ्याकडे.

मी उठलो आणि मागे, यंत्राच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने तिची नजर उचलली गेली. इतक्या डोक्यांवरून, सरळ मागे.

हिलालला विचारले. तो म्हणाला, मी यंत्राकडे पाहत होतो, भाऊ, पण छापलेले डोळे फिरत नसतात. माझेही तेच मत आहे. मी थकलो आहे. उकाडाही फार.

१२ एप्रिल
इथले मोतीलाल मास्तर साप्ताहिकात नाटकांवर लिहितात. त्यांच्या शब्दाला मान आहे. त्यांचे टिपण आले. पूर्ण उतरवतो, कारण मला ते कळलेले नाही.

‘खुर्द की बुद्रुक ही नवरदेवाची चूक. दिग्दर्शकाची चूक निराळी आहे. पडद्यावरची नायिका नायकावर प्रेम करत नाही, त्यामुळे गोष्टीतले प्रेम खोटे पडते आणि हसू येत नाही. परंतु पडद्यावर खरे प्रेम आहे. इतके खरे की ते पाहताना आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलो असे वाटते. ते कोणावर, हे सांगायला दिग्दर्शक विसरले आहेत. कुमारी मंजुळा यांनी यापुढेही कामे करावीत आणि त्यांना पारखी दिग्दर्शक लाभावा, ही सदिच्छा.’

सदिच्छा. मास्तरांना कोणीतरी सांगायला हवे.

पान प्रमिलेने आधीच वाचले होते. मी म्हणालो, मास्तर उगाच कोडी घालतात. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “कोडं नाहीये ते.”

जळगाव, २६ एप्रिल
मुंबईच्या मासिकात दोनच ओळी. ‘नायिका सतत चौकटीबाहेर पाहते. दिग्दर्शनाचा प्राथमिक दोष.’ हेच मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

एक तंबूवाला चित्रपट घ्यायला तयार आहे. वऱ्हाडात फिरवील. त्याची अट अशी की बाई भलतीकडे पाहते ते तुकडे काढून टाकावेत. लोक घाबरले तर पुन्हा येत नाहीत. रास्त बोलला. उद्यापासून कातरकाम.

३० एप्रिल
तीन दिवस पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरून बसलो आहे. भिंग डोळ्याला लावायचे, तिची नजर बाजूला गेलेला तुकडा कापायचा, डब्यात टाकायचा. डबा भरला. हिलालने उरलेले जोडून दाखवले. मगन आहे, म्हैस आहे, वरात आहे. भिकूची पाठ आहे, हौदाच्या कडेवर तिचे हात आहेत, पळताना उडालेला पदर आहे. चेहरा कुठेच उरला नाही.

मग जे मूळ चित्रपटात घेतलेच नव्हते ते टाकाऊ तुकडे काढले, त्यांतला एखादा चेहरा वापरता येईल म्हणून. लग्नाच्या प्रसंगाचा एक सापडला. त्या दिवशी गाडी आली होती. गाडीवानाला थांबवायला मी कॅमेरा सोडून रस्त्याकडे धावलो होतो आणि हिलालचा हात सवयीने फिरत राहिला होता. त्या तुकड्यात कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला कोणी नव्हते. भिकूने तिकडे पाहिलेले नाही. ती अंतरपाटावरून रस्त्याकडे पाहते. मान वळत जाते, टाचा उचलते, धुळीत काही दिसेना म्हणून कपाळाला हात लावते. मग दिसते. चेहरा असा काही उजळतो की मी भिंग खाली ठेवले.

रस्त्यावरून तेव्हा मी परत येत होतो.

हिलाल शेजारीच होता. विचारले, तुला ठाऊक होते?
तो म्हणाला, “बठ्ठास्ले माहीत व्हतं, भाऊ.”

सगळ्यांना. वहिनींना, मगनला, पितांबरनानांना. प्रमिलेला एका बैठकीत कळले. मास्तरांना धुळ्यात बसून कळले.

१ मे
डब्यातले सगळे तुकडे परत जागच्या जागी जोडायला सांगितले. तंबूवाल्याला नाही म्हणून कळवले. हिलालने लगेच डबा उघडला. रस्त्याचा तुकडाही शेवटी जोडला.

धरणगाव, ९ मे
जिनाच्या आवारात पडदा बांधला. हंगाम संपलेला, कापसाच्या गंजी उठल्या आहेत, जमिनीवर नुसते पांढरे तंतू. दिवेलागण झाली तशी माणसे गोळा झाली. तिच्याबरोबर काम केलेल्या बायका पुढे बसल्या. मगनलाही आग्रहाने आणले होते. प्रमिलेला पत्र टाकले होते. ती आली नाही.

मी आज लपायचे नाही असे ठरवून आलो होतो. शेवंताबाईशेजारी, डाव्या अंगाला, अगदी पुढे बसलो. तिथे मी नेहमी उभा राहत असे. फैजपूरला एकदाही मी तिच्याकडे नीट पाहिले नव्हते. उजेड पाहिला, लुगडे पाहिले, चूक पाहिली. आज ती पाहील तेव्हा मान खाली घालायची नाही, एवढेच मनाशी होते.

हिलालने दांडा फिरवायला घेतला. म्हैस आली, लोक हसले. भिकू आली आणि मी मान वर धरली.

तिने मगनकडे पाहिले.

मी डोळे चोळले. ती मगनकडे पाहून लाजली, मगनकडे पाहून फणकारली, मागे सरकून हौदात पडली. वर आली ती थेट मगनकडे पाहत, आणि तो आपटला तेव्हा तोंडावर हात धरून हसली. सगळे आवार हसत सुटले. बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. जळगावात, धुळ्यात कधी आले नाही तसे हसू. मागे मगनचा आवाज ऐकू आला, तो स्वतःलाच हसत होता. एकही मान माझ्याकडे वळली नाही.

शेवटी रस्त्याचा तुकडा आला. तिने टाचा उचलल्या, कपाळाला हात लावला. मी अर्धवट उठलो. पडद्यावर धूळ होती. तिचा चेहरा उजळला, पण ती पाहत होती ते माझ्या बाजूला नव्हते. अंतरपाटाच्या पलीकडे होते.

शेवंताबाई डोळे पुसत हसत होती. मी तिला विचारले, भिकू कोणाकडे पाहते आहे?

तिने माझ्याकडे असे पाहिले की काय हा वेड्यासारखा प्रश्न.

“नवरदेवकडे. आखो कोनकडे देखी?”

लोक उठले, पडदा सोडला. मी होतो तिथेच बसून राहिलो. हिलालने दोनदा हाक मारली.